अर्धं करू नका, पगारे!

चौकातल्या विजेच्या खांबाला मॅडमचा फ्लेक्स लावलाय. श्रद्धांजलीचा. फोटो कुठल्यातरी लग्नातला, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर हसू. खाली लिहिलंय, ‘शांत, मनमिळाऊ व मितभाषी स्वभावाच्या आमच्या लाडक्या खैरनार मॅडम’. मी भाजी घेऊन येत होते. ते वाचलं आणि हातातली पिशवी तिथेच रस्त्यावर ठेवली. शांत? मितभाषी? अहो, त्या बाईचा आवाज चढला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची! गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, मान्य आहे मला. पण खोटं कशाला बोलायचं? आणि फ्लेक्स लावला कोणी, तर विरंगुळा केंद्राच्या अध्यक्षांनी, ज्यांनी मॅडमच्या तोंडावर केंद्राला कुलूप लावलं होतं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता मीच सांगते मॅडम कशा होत्या ते.

आमची वसाहत सिडकोत, अंबडच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. सकाळी शिफ्टच्या वेळेला रस्ता ओलांडायची सोय नसते. तळमजल्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आणि वरच्या मजल्यावर खैरनार मॅडम आणि त्यांचे मिस्टर, आमचे काका. मॅडम महापालिकेच्या शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर सटाण्याकडचं. एरवी बोलणं शुद्ध, पण पारा चढला की अहिराणी बाहेर यायची. मी शिवलेला पहिलाच ब्लाउज घेऊन त्या खाली आल्या, तो टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, “हाई काय शे?” बाही जराशी तिरकी बसली होती. मी म्हटलं, करून देते. तर म्हणाल्या, “करून देऊ नकोस. माझ्यासमोर उसव आणि माझ्यासमोर शिव. चूक कुठे झाली ते मला बघायचंय.” आणि खुर्ची ओढून बसल्या की! मला इतका राग आला होता, काय सांगू. पण बाही सरळ झाली आणि पुन्हा कधी तिरकी बसली नाही.

चूक म्हणजे मॅडमचं आवडतं खाद्य. कोणी बरोबर काही केलं की त्यांना त्यात रस नसायचा. चुकलं की डोळे चमकायचे. अंबाड्यात लाल पेन खोचलेलं असायचं, देवळात जातानाही. शाळेतला फळ्यावर काटकोन काढायचा लाकडी गुण्या त्यांनी निवृत्तीच्या दिवशी सरळ पिशवीत घालून घरी आणला होता. शाळेने विचारलं तर म्हणाल्या, “माझ्या हाताला घट्टे ह्याचे आहेत, हा माझा.” त्या गुण्याने त्या दार वाजवायच्या, माकडं हाकलायच्या, आणि काकांना वर्तमानपत्रातून बाहेर काढायच्या. काका बिचारे मुळातच गरीब गाय. बँकेतून निवृत्त झाले होते आणि आता निवांत टीव्ही बघत बसायचं एवढीच त्यांची इच्छा होती.

तीही पुरी झाली नाही. कारण एक दिवस मंगल पगारे माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली आणि माप देता देता रडायलाच लागली.

मंगलचा नवरा एकनाथ पगारे. मूळ नांदगावकडचा. अंबडच्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा. लग्नाच्या आधीपासून तो त्याच कारखान्यात होता. आता तिथले जुने लेथ काढून टाकणार होते. त्यांच्या जागी कॉम्प्युटरवर चालणारी, एक्स आणि झेड अक्षांचे आकडे टाकायची मशीनं येणार, सीएनसी म्हणतात त्याला. नोटीस लागली होती, की जुन्या टर्नरांनी नव्या मशीनवर ट्रायल द्यायची. पास झाला तो मशीनवर, नापास झाला त्याची रवानगी पॅकिंगमध्ये. “पॅकिंगमध्ये, ताई,” मंगल म्हणाली. “खोकी चिकटवायला. साहेब ह्यांच्या तोंडावर हसून बोलले, ह्या वयात तुम्ही काय शिकणार आता, पगारे? दोन दिवस झाले, जेवले नाहीत हो ते.”

मॅडम मागे कापड निवडत होत्या. कापड खाली पडलं.

“कोण म्हणालं?”

मंगल दचकली. “साहेब. एचआरचे.”

“त्याच्या वर्गात किती मुलं होती आजपर्यंत? काही शिकवलंय त्याने कोणाला? मग वयाचं त्याला काय माहीत?” मॅडमचा चेहरा लाल झाला होता. “पगाऱ्यांना उद्या संध्याकाळी माझ्याकडे पाठव. अजून कोणी असतील तर त्यांनाही.”

मंगल गेल्यावर मी विचारलं, “मॅडम, तुम्हाला येतं ते मशीन?”

“नाही.”

“मग?”

“एक्स आणि झेड असे दोन अक्ष आहेत म्हणाली ना ती? मग भूमितीच आहे. आजची रात्र मला पुरे आहे.”

एक रात्र काही पुरली नाही. पंधरवडा गेला. पण त्या पंधरवड्यात वरून सतत कोणीतरी हिंदीत मशीन समजावून सांगतंय असा आवाज येत होता. मोबाइलवर व्हिडिओ, हातात लाल पेन. मॅडम व्हिडिओतल्या माणसालाही ओरडायच्या, “हळू बोल की रे!” त्यांनी कुठून तरी एक फुकटचा प्रोग्रॅम मिळवला. त्यात स्क्रीनवर खोटं मशीन दिसतं, आपण आकडे टाकायचे, खोटं हत्यार खोटी सळई कापतं. काकांचा टीव्ही भिंतीवरून उतरवून जुन्या लॅपटॉपला जोडला गेला. क्रिकेटची मॅच चालू होती. काकांनी एकदा “अगं पण” म्हणून बघितलं, मग वायर धरून दिली.

वर्ग भरला विरंगुळा केंद्रात. पगारे आणि त्याच्यासारखेच अजून तिघे. शिफ्ट संपवून थेट यायचे, तेलकट कपड्यांत. बाकावर बसायला तयार नाहीत, म्हणायचे, आम्ही उभ्यानेच काम करतो. मॅडम म्हणाल्या, उभे राहा, मला काय. त्यांचा एक नियम होता. उत्तर बरोबर आलं की अहो-जाहो, चुकलं की अरे-तुरे. पन्नाशीचे पुरुष, घरी सुना आलेल्या, आणि “अरे मूर्खा” ऐकून कानामागे खाजवत उभे. दुसऱ्या दिवशी “बरोबर, पगारे, तुम्ही सांगा पुढचं” ऐकायला धडपडायचे. मी दुकान बंद करून मुद्दाम बघायला जायची. सिरियलपेक्षा बरं होतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. त्यावर सकाळी कंपनीची बस निघायच्या वेळेला मॅडमचा आवाज यायचा. रोज एक प्रश्न, बोलून. कारण पगारेला वाचायला वेळ लागायचा आणि बसमध्ये चष्मा हलायचा. उत्तरही बोलूनच पाठवायचं. एकाने नुसता अंगठा पाठवला तर त्याला फोन लावून विचारलं, “अंगठा देतोस, शाळेत गेला नव्हतास का?” गुड मॉर्निंग, फुलं, देव, काही चालायचं नाही. संकष्टीला एकाने गणपती टाकला, त्याला मॅडमनी दुप्पट प्रश्न दिले.

केंद्राच्या अध्यक्षांना हे खुपत होतं. पत्ते खेळणाऱ्यांची गैरसोय होते, फरशीला तेल लागतं, आणि हे केंद्र ज्येष्ठांच्या विरंगुळ्यासाठी आहे, कामगारांसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. एका संध्याकाळी सगळे आले तर दाराला कुलूप. अध्यक्ष बाजूलाच उभे. मॅडमनी त्यांच्याकडे पाठ केली. मला म्हणाल्या, “शोभा, तुझ्या दुकानाच्या ओट्यावर प्लग आहे ना?” झालं. काका आणि पगारे दोघांनी टीव्ही उचलून आणला, माझ्या शटरला टेकवून ठेवला आणि भर रस्त्यावर वर्ग सुरू झाला. येणारे जाणारे थांबून बघायचे. भाजीवाला गाडी लावून उत्तरं द्यायला लागला. अध्यक्ष गॅलरीतून बघत होते. मॅडमनी आवाज आणखी वाढवला. आठवड्याभरात केंद्राचं कुलूप निघालं, पण मॅडम परत गेल्या नाहीत. म्हणाल्या, “इथे हवा चांगली आहे.”

तिघांची गाडी रुळावर आली. अडलं पगारेचं. तो माणूस हुशार, मन लावून करायचा, आणि तरी दर दोन प्रश्नांत एकदा त्याचं खोटं हत्यार खोट्या सळईत जाऊन घुसायचं. “अर्धं करू नका, पगारे!” मॅडम प्रश्न विचारतानाच ओरडायच्या. तरी पुन्हा तेच.

भानगड अशी, की जुन्या लेथवर सळई गरागरा फिरते आणि हत्यार एका बाजूने आत जातं. तुम्ही चाक फिरवून एक मिलिमीटर आत गेलात, की सळई दोन मिलिमीटर बारीक होते, कारण फिरताना ती सगळीकडून कापली जाते. म्हणून टर्नर मनातल्या मनात कायम निम्मं करतो. नव्या मशीनला तसं नाही. सळई चाळीस मिलिमीटर जाडीची हवी असेल तर चाळीस सांगायचं, निम्मं ते मशीन स्वतः करतं. पगारे चाळीसच्या जागी वीस सांगून मोकळा व्हायचा आणि हत्यार खोल घुसायचं. मॅडमना वाटायला लागलं होतं, हा लक्षच देत नाही. एकदा तर चिडून त्यांनी गुण्या जमिनीवर फेकला.

मी म्हटलं, “मॅडम, त्याचं लक्ष आहे. त्याचा हात ऐकत नाही. मला उद्या कोणी सांगितलं, की कापड घडी न घालता छातीचं पुरं माप धरून काप, तर मीही चौपदरी घडीच्या सवयीने पाव भागच घेणार. हात जातोच तिथे.”

मॅडमनी फेकलेला गुण्या उचलला. मग पगारेला विचारलं, “कारखान्यात खरं हत्यार असं घुसलं तर काय होतं?”

“लय मोठा आवाज होतो, मॅडम. धाडकन्. काळजात धस्स होतं. सगळे माना वळवून बघतात.”

“आणि इथे?”

“इथं काय नाय होत. गपचूप घुसतं.”

“मग हाताला अद्दल कशी घडणार?” मॅडम उठल्या. घरातली पितळी परात आणि बत्ता आणला, काकांच्या हातात दिला आणि सांगितलं, “मारा. सगळी ताकद लावून.” काकांनी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जोरात काही केलं असेल. तो आवाज मॅडमनी मोबाइलमध्ये भरून घेतला आणि भजनी मंडळाचा स्पीकर मागून आणला. त्यानंतर पगारेने निम्मं केलं, की मॅडम बटण दाबायच्या आणि अख्ख्या गल्लीत परात कडाडायची. माझी तर सुई बोटात घुसली पहिल्यांदा. लोक तक्रार घेऊन आले, मॅडमनी त्यांनाच एकेक प्रश्न विचारला, आले तसे परत गेले.

परातीचा आवाज कमी कमी होत गेला. मंगल सांगायची, आता ते चहातही साखर निम्मी म्हणून सांगत नाहीत. आम्ही हसायचो. आम्हाला वाटलं, झालं आता.

ट्रायलच्या दिवशी तिघे पास झाले. पगारे नापास. एचआरचे साहेब मागे हाताची घडी घालून उभे राहिले, पगारेला घाम फुटला, आणि त्याने निम्मं केलं. बाजूच्या ऑपरेटरने लाल बटण दाबलं म्हणून मशीन वाचलं. साहेब फक्त एवढंच म्हणाले, “मी म्हटलं होतं.” दुसऱ्या दिवसापासून पगारे पॅकिंगमध्ये.

तो वर्गाला यायचा बंद झाला. फोन उचलेना. रस्त्यात मॅडम दिसल्या तर पलीकडून जायचा. मंगल पुन्हा माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, “बायकांच्यात बसून खोकी चिकटवतात हो. गावाला कोणाला सांगितलं नाही आम्ही.” मी मॅडमना म्हटलं, तुम्ही तुमच्या परीने केलंत, आता सोडा. त्यावर मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा मान खाली घालून काज करायला लागले.

त्याच संध्याकाळी एका मालवाहू रिक्षात टीव्ही, लॅपटॉप, स्पीकर आणि काका असा सगळा संसार चढला आणि पगारेच्या दारात उतरला. मीही गेले, राहवलं नाही म्हणून. पगारे बनियनवर बाहेर आला. बघूनच त्याचे हात जोडले गेले.

“मॅडम, पाया पडतो. सोडा आता मला. माझ्या डोक्यात नाय बसत ते.”

“बसलंय,” मॅडम म्हणाल्या. “आधीचं उठत नाही, एवढंच. ते इतकी वर्षं बसलंय, एका झटक्यात कसं उठेल? वेळ लागणार. आम्ही टीव्ही कुठे लावायचा ते सांगा.”

“शेजारी हसतील.”

“हसू दे की. त्यांनाही विचारू एकेक प्रश्न.”

पगारे तिथेच उंबऱ्यावर बसला आणि हमसून हमसून रडला. एवढा दांडगा माणूस. मंगल आत पळाली. मॅडम त्याच्यासमोर उभ्या. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. रडणं संपेपर्यंत थांबल्या आणि मग पहिला प्रश्न विचारला.

आता दुसरी लढाई कंपनीशी. ट्रायल एकदाच, असा नियम होता म्हणे. मॅडम रोज दुपारी जेवून कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागल्या. छत्री, गुण्या आणि पाण्याची बाटली. वॉचमन आत सोडायचा नाही. साहेबांची गाडी बाहेर पडली, की मॅडम रस्त्याच्या मधोमध. एकदा साहेबांनी काच खाली केली.

“मॅडम, तुम्ही पगारेंच्या कोण?”

“शिक्षिका.”

“हे बघा, सगळ्यांना एकच संधी दिलीय आम्ही.”

“गाडी तुम्ही स्वतः चालवताय ना? पहिल्याच दिवशी चालवता आली होती का? पहिल्या दिवशी गाडी बंद पडली तेव्हा तुमच्या वडिलांनी तुम्हाला खोकी चिकटवायला बसवलं होतं का?”

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. साहेब काच वर करून गेले. पण मॅडम दुसऱ्या दिवशी होत्याच. तिसऱ्या दिवशीही होत्या. टपरीवाला त्यांना शिक्षिकाबाईंचा स्टूल म्हणून वेगळा स्टूल ठेवायला लागला. पास झालेले तिघे जाता येता त्यांच्यापाशी थांबायचे, मग इतर कामगारही थांबायला लागले, रोज थोडी जास्त गर्दी. शेवटी साहेबांनीच निरोप धाडला, की एकदा, फक्त एकदा.

दुसऱ्या ट्रायलच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. मी, मॅडम, काका आणि मंगल, चौघं फाटकाबाहेर. ऊन मी म्हणत होतं. मंगलच्या ओठांवर नामजप, काकांच्या हातात रुमाल. मॅडम उभ्या होत्या. स्टूल रिकामा. गुण्या ह्या हातातून त्या हातात घेत होत्या. म्हणाल्या, “शोभा, अर्धं नाही ना करणार गं हा?” मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

शिफ्ट सुटली. माणसांचा लोंढा बाहेर आला आणि त्यात पगारे. चालत आला, मंगलकडे बघितलं, मग मॅडमसमोर उभा राहिला.

“एकदा बोट गेलं होतं, मॅडम. वीस दाबलं होतं. पण कानात परात वाजली. खोडलं. चाळीस टाकलं.”

“मग?”

“उद्यापासनं मशीनवर.”

मंगलने रस्त्यातच त्याचा हात धरला. मी रडले, उघड सांगते. काकांनी टपरीवाल्याला सगळ्यांना चहा द्यायला सांगितलं. “सुटला बाई पॅकिंगमधून एकदाचा!” मी मोठ्याने म्हणाले.

मागे पॅकिंगच्या बायका उभ्या होत्या. निळे एप्रन, हाताला खोक्याची चिकटपट्टी. त्यातली एक पुढे आली. हिरा गावित. सुरगाण्याची. घाट चढून कामाला आली आणि इथेच राहिली, असं मला नंतर समजलं.

“मॅडम, एक इचारू? पगारेदादा जेवायच्या सुट्टीत तुमचा आवाज लावायचा मोबाइलवर. आमीबी ऐकायचो. रोज.”

“बरं मग?”

“सगळे म्हनत होते, नापास झाला म्हनून पॅकिंगात टाकला. शिक्षा म्हनून. आता ह्या ताई म्हनल्या, सुटला एकदाचा.” तिने माझ्याकडे बोट केलं. “आमी तर पयल्या दिसापासून पॅकिंगातच हाय. आमाला तर कुनी ट्रायल पन नाय घेतली. आमी कशात नापास झालो, मॅडम?”

चहाचे ग्लास हातात तसेच. ‘सुटला’ म्हणणारी मीच होते. मॅडम दोन पावलं पुढे आल्या.

मग त्यांनी एकच विचारलं. “सळई चाळीसची हवीय. किती टाकशील?”

“चाळीस,” हिरा म्हणाली. “आमाला कुठं अर्धं करायची सवय हाय.”

त्यानंतर मॅडम आणखी काही महिने होत्या. ओट्यावर निळ्या एप्रनवाल्या बायका यायच्या, भाजीवाला जागा नाही म्हणून कुरकुरायचा. कंपनीने त्यांची ट्रायल अजून घेतलेली नाही. मॅडम झोपेतच गेल्या. काका म्हणाले, आदल्या दिवशी साहेबांना काय काय बोलायचं ते मोठ्याने पाठ करत होत्या. हे सगळं फ्लेक्सवर मावलं नसतं, मान्य. पण ‘मितभाषी’ तरी नको होतं.

मला मॅडम आठवतात त्या दुसऱ्या ट्रायलच्या दुपारच्या. हिराचं उत्तर ऐकलं, हातातला चहा तसाच स्टुलावर ठेवला, आणि पदर खोचून परत फाटकाकडे निघाल्या. पगारेला शाबासकी द्यायचीही राहिली. वॉचमन फाटक लावत होता. त्यात गुण्या अडकवून म्हणाल्या, “साहेबांना बोलवा. मी अजून गेलेली नाही.”